हिंगोलीला उपनगर असतं का? असतं ना, बॉस!

'सध्या कुठे असतेस?' असं कुणी विचारलं की मी आधी एक मोठ्ठा श्वास घेते. पुढचे डायलॉग्ज पाठ झालेत.

'हिंगोलीला.'

'ओह, हिंजवडी! कुठल्या फेजला?'

'हिंजवडी नाही, हिंगोली. मराठवाड्यात. जिल्हा आहे तो.'

'अच्छा अच्छा, हिंगणघाटच्या बाजूला ना?'

आता काय सांगणार, कप्पाळ! हिंगणघाट विदर्भात, तिकडे वर्ध्याला. समोरचा जरा बरा निघाला, तर पुढचा प्रश्न येतो, 'मग हिंगोलीत कुठे?' मी सांगते, 'बळसोंडला. म्हणजे सबर्बला.' इथे मात्र हमखास हसू फुटतं. हिंगोलीला सबर्ब? काहीही!

पण विचार करा. उपनगर म्हणजे नेमकं काय? जिथे यायचं म्हटल्यावर रिक्षावाला आधी तुमच्याकडे आणि मग रस्त्याकडे बघतो. जिथला पत्ता सांगायला एक पाण्याची टाकी, एक मंदिर आणि एक अर्धवट बांधलेला बंगला लागतो. जिथे राहणारा माणूस किराणा आणायला निघाला तरी 'गावात जाऊन येतो' म्हणतो. या तिन्ही कसोट्यांवर आमचं बळसोंड फर्स्ट क्लासमध्ये पास आहे. कागदावर मात्र ते अजून 'मौजे बळसोंड, ता. जि. हिंगोली'. शहराला चिकटलेलं, अकोला बायपासच्या बाजूचं एक गाव. आमच्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर. मुंबई-पुण्याच्या मित्रांना हे सांगितलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बैलगाडी येते. प्रत्यक्षात आमच्या गल्लीत बैलगाडी एकही नाही. बुलेट चार आहेत.

मी आणि हिंगोली जिल्हा जवळजवळ एकाच वयाचे. जिल्हाच माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान. १ मे १९९९ ला परभणीतून तो वेगळा निघाला आणि एका साध्या तालुक्याच्या गावाला कलेक्टर आला, एसपी आला, जिल्हा परिषद आली. ऑफिसं आली की क्लार्क येतात, क्लार्क आले की प्लॉट पडतात. आमच्यासारखी ले-आऊटं हे त्या निर्णयाचं बायप्रॉडक्ट! तोवर सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या खेड्यांतून नोकरी करणारे गुरुजी, ग्रामसेवक, कंडक्टर, तलाठी यांनी 'पोरांच्या शिक्षणासाठी' म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी गुंठा-दोन गुंठे घेतले. आमचे बाबा त्यातलेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पतसंस्थेचं कर्ज, आईची मोडलेली एकदाणी आणि एका दसऱ्याला घातलेला पाया, अशी आमच्या घराची साधी सरळ बॅलन्सशीट आहे.

गंमत म्हणजे शहरात आधीपासूनच एक पेन्शनपुरा आहे. रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, सदर बाजार ही इथल्या मोहल्ल्यांची नावं. हिंगोली निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी होती, त्याच्या या खुणा. रिसाला म्हणजे घोडदळ. पुणेकरांना 'कॅम्प'चं केवढं कौतुक असतं, इथे तर आख्खं गावच कॅम्प होतं! आमचं बळसोंड म्हणजे मला त्या पेन्शनपुऱ्याची नवी आवृत्ती वाटते. आमच्या एका गल्लीत सात 'सर' राहतात. रस्त्यात 'सर' अशी हाक मारा, तीन बाल्कन्यांमधून माना बाहेर येतील. घरांची नावंही तशीच. मातोश्री, आई-बाबांचा आशीर्वाद, कष्टाचं फळ. २००५ च्या नोव्हेंबरनंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यामुळे त्यांच्या घरांना वरचा मजला दिसतो, भाड्याने द्यायला! बांधकामावरून नोकरीला लागल्याचं साल ओळखता येतं, इतकं हे शास्त्र पक्कं आहे.

काकू नावाचा सीसीटीव्ही

मी इथे परत आले ती कोविडच्या लाटेत, आणि परत गेलेच नाही. मास कॉम केलं, पुण्यात एका पोर्टलवर तीन वर्षं डेस्क केला. मग पोर्टलने 'कॉस्ट कटिंग' केलं आणि मी फ्रीलान्स झाले. पीजीच्या एका बेडला जेवढं भाडं देत होते, तेवढ्यात इथे माझी आख्खी खोली, आईच्या हातची भाकरी आणि गच्चीवरून दिसणारं शेत. डील वाईट नव्हतं.

पण काम काय करते, हे गल्लीला समजावण्यात पहिलं वर्ष गेलं. समोरच्या काकूंचा प्रश्न ठरलेला, 'काय करायलीस गं बाई दिवसभर लॅपटॉपवर?' मी म्हणायची, 'लिहिते काकू, पेपरात, मॅगझिनमध्ये.' 'मंग हाफिस कुठाय?' 'नाही ओ ऑफिस.' यावर काकू आईकडे जो कटाक्ष टाकायच्या, त्यात माझ्या लग्नाच्या किती स्थळांचा निकाल लागला असेल, देव जाणे. आता त्यांनी स्वतःपुरती सोय करून घेतलीय. पाहुण्यांना सांगतात, 'ऑनलाइन कामाला हाय.' चालतंय!

आमच्याकडे प्रायव्हसी नावाचा पदार्थ मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. शहरात कॅफे झालेत, छान लायटिंगवाले, भिंतीवर इंग्रजी कोट्स लावलेले. एकदा कॉलेजच्या मित्राबरोबर कोल्ड कॉफी प्यायले. मी घरी पोचायच्या आधी आईला माहीत होतं की कॉफी कोल्ड होती! पहिले काही महिने याचा भयंकर राग यायचा. वाकडला शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीचं नाव दोन वर्षांत कळलं नव्हतं आणि इथे माझ्या पार्सलमध्ये काय आलं, हे कुरिअरवाल्याआधी काकूंना ठाऊक. संध्याकाळी बायपासच्या बाजूला पळायला जायला लागले तेव्हा तर बातमीच झाली. त्या रस्त्याने पहाटेपासून पोलीस भरतीची पोरं धावत असतात, ग्राउंड काढण्यासाठी. त्यात मुलीही असतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. भरतीसाठी पळणं हा करिअर ऑप्शन आहे, नुसतं पळणं म्हणजे चोचले! शेवटी एका काकांनी थेट विचारलं, 'भरती कधी आहे बाई तुझी?' मी म्हटलं, 'निघाली की सांगते काका.' तेव्हापासून त्यांचा फुल सपोर्ट आहे.

आणि मुलींनी नऊनंतर बाहेर असू नये, हा न छापलेला टाइमटेबलही आहेच. नऊनंतर जायचं कुठे हा वेगळा प्रश्न, पण जायला काही नसणं आणि जाता न येणं यात फरक आहे. पुण्यात रात्री साडेअकराला स्कूटीवरून एकटी घरी यायचे, ते मी मिस करते. खूप.

जानेवारी उजाडला की ले-आऊटच्या पलीकडच्या शेतांमध्ये हळद काढायला सुरुवात होते. मग ती शिजवतात. मोठ्या कुकरमधून निघणारी वाफ, तो ओला, मातकट, उग्र वास थेट माझ्या झूम कॉलपर्यंत पोचतो. तुमच्या 'टर्मरिक लाटे'चा उगम, लोकहो! मग ओल्या शेंगा वाळवण्यासाठी पसरतात आणि रिकाम्या प्लॉटांवर पिवळा गालिचा होतो. हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट आणि तिकडे वसमतचा बाजार, इथलं अर्थकारण त्यावर फिरतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. २०२३ च्या पावसाळ्यात हळदीचे भाव असे चढले की त्या वर्षी आमच्या भागात अचानक चार बंगल्यांचे स्लॅब पडले. इथली रिअल इस्टेट समजून घ्यायला रेपो रेट नाही, हळदीचा भाव वाचायचा.

प्लॉटवाल्यांकडे सध्या एक नवं हत्यार आहे, लायगो. होय, तेच गुरुत्वीय लहरींवालं. औंढा नागनाथजवळ त्याची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली आणि इथल्या एजंटांना ब्रह्मांड हाती लागलं. 'सर, शास्त्रज्ञ येणारेत, फॉरेनचे लोक येणारेत, गुंठा आताच घ्या.' त्या यंत्राच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्याला हवी असते कमालीची शांतता, जमिनीचीसुद्धा. आणि आमची जमीन अधूनमधून गुरगुरते! वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागातले लोक वर्षानुवर्षं जमिनीखालून आवाज येतात म्हणून सांगतायत. २१ मार्च २०२४ च्या पहाटे ४.५ रिश्टरचा धक्का बसला तेव्हा आख्खी गल्ली चादरी गुंडाळून रस्त्यावर. बाबांनी तिथेच उभं राहून सगळ्यांना रिश्टर स्केल समजावून सांगितलं. एकदा मास्तर, की कायमचे मास्तर!

पाणी, पाणी, पाणी

आता जरा रडगाणं. सिद्धेश्वर धरणाचं पाणी हिंगोली शहराला येतं. धरण आमच्याच जिल्ह्यात, पूर्णा नदीवर. पण तुमचं घर हद्दीच्या अलीकडे की पलीकडे, यावर तुमच्या नळाचं नशीब ठरतं. आमच्या बाजूला घरं वाढली शहराच्या वेगाने आणि सोयी आल्या गावाच्या वेगाने. मार्चपर्यंत बोअर चालतो. एप्रिलमध्ये मोटर हवा ओढते, आणि मग आमच्या लेनमधली सगळी 'कष्टाची फळं' टँकरवाल्याच्या फोनकडे डोळे लावून बसतात.

तीच गत नालीची. काही घरांसमोर आहे, काहींसमोर नाही, आणि जिथे संपते तिथे संपते. ते पाणी पुढे कुठे जायचं, हा प्रश्न नालीने स्वतः सोडवायचा. ले-आऊटच्या नकाशात एक 'ओपन स्पेस' दाखवलीय. तिथे बाग होणार होती, मी सहावीत असताना. अजून व्हायचीय. सध्या पोरं क्रिकेट खेळतात आणि बाजूला कुणाच्या तरी बांधकामाचा मुरूम पडलाय. प्लॉट घेताना लोक वास्तू बघतात, पूर्व-पश्चिम बघतात, कॉर्नर बघतात. ड्रेनेज कुठे जातं, हे कुणी बघत नाही. तुम्ही गावाकडे प्लॉट घ्यायचा विचार करत असाल, तर फुकटचा सल्ला: जुलैमध्ये जाऊन बघा. मे महिन्यात सगळेच प्लॉट गोंडस दिसतात.

पोचण्याचं म्हणाल, तर पूर्वीपेक्षा बरं आहे. लहानपणी इथे मीटरगेजची गाडी होती. २००८ पर्यंत अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला. आणि मार्च २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी जालन्याहून पुढे थेट हिंगोलीपर्यंत यायला लागली. स्टेशनवरची पाटी वाचलीत का कधी? 'हिंगोली डेक्कन'. अहाहा! मी तर इन्स्टाच्या बायोमध्ये तेच टाकलंय. पुण्याला मात्र अजूनही रात्रभरची ट्रॅव्हल्स आणि दिवाळीत विमानाशी स्पर्धा करणारं तिचं तिकीट.

त्या ट्रॅव्हल्सने ये-जा करणारा आमच्या घरातला माणूस म्हणजे दादा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आयटीत, ऑफिस हिंजवडीला. (हिंगोलीचा दादा हिंजवडीत. म्हणून म्हटलं, तो डायलॉग मला पाठ आहे.) मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका रात्री बाबांच्या छातीत कळ आली. रात्रीचे पावणेदोन. मी आधी दादाला नाही, समोरच्या काकूंना हाक मारली. फोनसुद्धा नाही, खिडकीतून नुसती हाक. पाच मिनिटांत कंडक्टर काकांनी जावयाची गाडी काढली होती. मेडिकलवाल्या भाऊंनी शटर न उघडता मागच्या दाराने गोळ्या आणून दिल्या होत्या आणि काकूंनी माझ्या आईचे हात धरून ठेवले होते. शहरातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, नांदेडला हलवा. पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर. पावसात. कंडक्टर काकांनी आयुष्यभर एसटीत दुसऱ्याला बेल दिली, त्या रात्री स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं आणि ते एक शब्द बोलले नाहीत. उजाडता उजाडता बाबा कॅथलॅबमध्ये होते. एक स्टेंट. दादा पोचला दुपारी, मिळेल ती गाडी पकडत, चेहरा पांढराफटक.

बाबा बरे झाले. पण दादा बरा झाला नाही.

दिवाळीत तो एक्सेल शीट घेऊनच आला. घर विकायचं. एजंटशी त्याचं बोलणंही झालं होतं. येणाऱ्या पैशांत त्याची बचत घातली की पुण्यात टू बीएचकेचं डाउन पेमेंट होतं, बाकी ईएमआय तो भरेल. सगळे एकत्र राहू. हॉस्पिटल दहा मिनिटांवर. 'आणि तुलाही चांगलं गं, मीडिया तिकडेच आहे.' शीटमध्ये सगळं होतं. मेंटेनन्ससुद्धा. त्याचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. नव्वद किलोमीटर म्हणजे नव्वद किलोमीटर. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीजण असे 'दादा' आहेत, हे मला माहितीय. रात्री फोन वाजला की तुमच्या पोटात काय होतं, तेही.

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, हिंगोलीला आता सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, २०२४ मध्ये. तो म्हणाला, 'कॉलेज सुरू झालंय. कॅथलॅब आहे का?' बिनतोड. मी म्हटलं, त्या रात्री पाच मिनिटांत गाडी निघाली, तुझ्या सोसायटीत पाच मिनिटांत लिफ्ट तरी येते का? तो म्हणाला, 'तिथे अँब्युलन्स येते.' तेही खरंच. मग तो असं काही बोलला की मी गप्प झाले. 'तू इथे आहेस म्हणून मी तिथे नोकरी करू शकतो. उद्या तुझं लग्न झालं की?'

बघा ना, इतकी वर्षं गल्ली माझ्या लग्नाची काळजी करत होती, आणि आता आमच्या घराचं भवितव्यच त्यावर! मी इथे राहते ते आई-बाबांसाठी, असं सगळे धरून चालतात. काकू तर 'श्रावणबाळ' म्हणतात. पण मला इथे राहायला आवडतंही, हे कुणाच्या हिशेबातच नाही. गच्चीवर बसून लिहायला आवडतं. दसऱ्याला रामलीला मैदानावर पोरांसोरांच्या गर्दीत रावण बघायला आवडतो. मी केलेल्या स्टोरीतला शेतकरी मला बाजारात भेटतो आणि 'ताई, ते भावाचं चुकीचं छापलं तुमच्या पेपरानं' म्हणून भांडतो, ते तर फार आवडतं. पुण्याच्या डेस्कवर असं कुणी भांडायला येत नव्हतं. आणि रात्री नऊचा तो टाइमटेबल मला अजिबात आवडत नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, एवढं एक्सेल शीटमध्ये मावत नाही.

आई काय म्हणाली? आईने पुण्याच्या फ्लॅटचे फोटो झूम करकरून पाहिले आणि विचारलं, 'पापड कुठं वाळवायचे?' दादा चिडला. पण तिचा प्रश्न पापडाचा नव्हताच. आठवडाभराने मला एकटीला म्हणाली, 'तिथं मी कुणाला हाक मारू?'

बाबा काहीच बोलले नाहीत. एजंट येऊन टेपने मापं घेऊन गेला, 'सर, कॉर्नर आहे, लायगोमुळे रेट येईल' म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि गुरुत्वीय लहरी म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावलं. तो परत आलेला नाही.

मग गेल्या एप्रिलमध्ये, जुना बोअर आटला त्याच आठवड्यात, आमच्या दारात एक पाणाड्या उभा! तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अंगणभर फिरत होता आणि आमचे निवृत्त विज्ञान शिक्षक त्याच्या मागे मागे. मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही? पाणाड्या?' ते म्हणाले, 'सायन्सनं पण बघितलंय मी. दोघांचं मत एकाच जागी आलं.' ती जागा म्हणजे बरोबर तुळशीमागे, जिथे दादाची पार्किंग व्हायची होती.

तिसऱ्या दिवशी रात्री बोअरची गाडी आली. धडधडाट, धूळ, गल्लीतली यच्चयावत पोरं खुर्च्या घेऊन समोर. काकूंनी सगळ्यांना चहा केला. नऊ कधीच वाजून गेले होते आणि त्या रात्री कुणी मला घरात हो म्हणालं नाही. एकशे ऐंशी फुटांवर पांढऱ्या चिखलाचा फवारा उडाला, तेव्हा कंडक्टर काकांनी सवयीने दोनदा शिट्टी मारली. बाबांनी नखशिखांत भिजलेल्या हाताने व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, कॅप्शनशिवाय.

दादाने तो लगेच बघितला. निळ्या टिका दिसत होत्या. दहा-बारा मिनिटं 'टायपिंग' येत राहिलं, थांबलं, परत आलं. मग एक ओळ आली.

'टीडीएस चेक करून घ्या. मी आल्यावर फिल्टर बसवतो.'